दोन कडवी

ठराव झाला: पहिली दोनच कडवी म्हणायची,
बाकीची राहू द्यायची.
कुठे राहू द्यायची, ते कमिटीने सांगितलं नाही.

मी निबारण चाकलादार, झालकाठीच्या शाळेतला कारकून.
साठ कागद, फूटपट्टी, दौत,
कंदिलाभोवती नदीकाठचे किडे.
तिसऱ्या कडव्यापासून खाली जाड रेघा मारत बसलो.
त्यात देवी होती, हातात शस्त्रं घेतलेली.
आई रोज तिन्हीसांजेला तिच्यापुढेच दिवा लावायची.
पहिल्या कागदाला हात थरथरला.
विसाव्याला नाही.

गेल्या सोमवारी तोफज्जल मृधा
रांगेतून निघून विहिरीपाशी जाऊन उभा राहिला.
हेडमास्तरांना म्हणाला,
"मातीपुढे वाकतो मी, भात लावताना दिवसभर वाकलेलाच असतो.
मूर्तीपुढे कसा वाकू?"
मागून कोणी ओरडलं, "मग जा मक्केला!"
कोण, ते मला ठाऊक आहे.
तो आवाज माझ्या घरी जेवतो,
माझ्या बहिणीचा मुलगा आहे.

खिलाफतीच्या वर्षी स्टीमरघाटावर
हेच गाणं चालू असताना
तोफज्जलच्या बापाचं, कासेमचं, डोकं फुटलं.
त्याच्या मागे मी होतो.
खाली वाकलेला.
काल त्याला विचारलं,
"काठी बसली तेव्हा कुठलं कडवं चालू होतं रे?"
कपाळावरच्या वणावर बोट फिरवत तो म्हणाला,
"शब्द कुणाला येत होते, बाबू?"

कागद पाठकोरे नव्हते.
मागच्या बाजूला बक्षिसांची यादी,
आणि शाई स्वस्तातली, पाझरणारी.
उलटून पाहिलं तर
अंकगणितात पहिला आलेला
काळ्या पट्ट्याखाली गेलेला.
साठही कागदांवर.

पहाटेपर्यंत समासात बारीक अक्षरात
त्याचं नाव पुन्हा लिहीत राहिलो.
तोफज्जल, तोफज्जल.
चाळिसाव्या कागदानंतर ते मला
नाव वाटेनासं झालं,
ओठ आपोआप हलू लागले.

समारंभात दुसरं कडवं संपलं.
पेटीवाल्याची बोटं सवयीने पुढे सरकली,
अर्धा सूर निघाला आणि अडला.
बसावं की उभंच राहावं, कुणाला कळेना.
कमिटीचे लोक एकमेकांकडे बघत राहिले,
माझा भाचा माझ्याकडे.

तेवढ्यात बाहेर विहिरीवर कुणीतरी
पोहरा सोडला.
रहाट कुरकुरत फिरत होता,
दोर संपतच नव्हता,
आणि आम्ही सगळे, उभ्याउभ्या,
तो पाण्याला टेकायची वाट पाहत होतो.