छाट

मुकादम दर शनिवारी छाट करतो.
सूप पुढ्यात ओढतो, कट्ट्यात बोट घालतो,
ही सैल, हिचं पान फाटकं,
हिचं तोंड नीट मुडपलं नाही,
आणि हजाराच्या नऊशे होतात.
छाटलेली बिडी तो परत देत नाही.
सैल असो की फाटकी, कोणीतरी ती ओढतोच.
फक्त माझ्या कार्डावर चढत नाही.

हे मला अठरा वर्षांपासून माहीत होतं.
साकोलीच्या कोर्टातही छाट असते,
ते यंदा कळलं.

मी एक्केचाळीस महिने घेऊन गेले होते,
पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून
खडूनं मारलेल्या रेघा, वहीत उतरवून.
दीड हजारानं एकसष्ट हजार पाचशे.
मला रुपयांत नीट दिसत नाही.
दीड हजार म्हणजे सात हजार बिड्या, वर सहा कट्टे.
एक्केचाळीस महिन्यांचे
तीन लाखाला एक महिना कमी.
तेवढ्या मी वळल्या.
त्यानं वळायच्या होत्या असं नाही म्हणत,
तो ट्रॅक्टर चालवतो, त्याची बोटं जाड आहेत.

लांजेवार वकीलबाईंनी वही पाहिली,
बाराव्या रेघेखाली पेन ठेवला.
"अर्जाच्या मांगचे बारा महिनेच धरते कोर्ट.
आधी काहून नाही आल्या?"
आधी मी बिड्या वळत होते, बाई.

एकोणतीस महिने गेले छाटीत.
त्यातच आचलचा टायफॉइड होता,
लाखनीच्या दवाखान्यात आठ दिवस,
सलाइनची बाटली धरायला मी आणि खिळा.
त्यातच तिचे पुढचे दोन दात पडले
आणि मोठे येऊन बसले.
पहिली अख्खी. दुसरी अख्खी.

कागदात त्याचं नाव गैरअर्जदार.
मी अर्जदार क्रमांक एक,
आचल अर्जदार क्रमांक दोन.
तिला ते इतकं आवडलं की शाळेत सांगून आली.
समन्स तीनदा परत आलं:
गैरअर्जदार गावी मिळून आला नाही.
मंडईच्या रात्री मात्र नाटकाला
पहिल्या रांगेतल्या खुर्चीत
सगळ्या गावाला मिळून आला.

मग वॉरंट निघालं, मग आला.
शर्ट इस्त्रीचा. पाच हजार आणले,
बाकीचे धानाचे चुकारे आल्यावर, म्हणाला साहेबाला.
माझ्याकडे पाहिलं नाही,
पोरीकडे पाहिलं, तेही तिच्या उंचीकडे.
बाहेर व्हरांड्यात त्याची दुसरी बायको
लेकराला पाजत होती.
मला पाहून तिनं पदर सारखा केला.
तिच्याशी माझं काही देणं-घेणं नाही.
पण एकदा तिच्या घरी जावं,
पिठाच्या डब्याचं झाकण उलटं करून पाहावं
असं वाटून गेलं.

पावतीवर अंगठा नाही, सही केली.
अठरा हजारांपैकी पाच.
अंगठ्याला तंबाखूचा वास येतो, सहीला येत नाही.

स्टँडजवळ आचलला सँडल घेतली.
"एक नंबर मोठी घ्या बाई, दोन साल चालन," दुकानदार म्हणाला.
आजवर तसंच घेतलं,
पुढं कापूस कोंबून, पाय त्या मापाला येईपर्यंत.
म्हटलं, नाही. आज जेवढा पाय आहे
तेवढीच द्या.
एसटीत ती पाय वर घेऊन बसली,
कंडक्टरनं दोनदा हटकलं.

रात्री डब्याचं झाकण काढलं.
पाच हजारांत तीन महिने बसतात, वर पाचशे.
तीन रेघा पुसल्या.
चौथीचा तिसरा हिस्सा
बोटाला थुंकी लावून, मापून पुसला.
त्या एकोणतीसांना हात लावला नाही.
आचल म्हणाली, आई, त्या तर गेल्या ना?
म्हटलं, कोर्टातून गेल्या.
मग सूप मांडीवर घेतलं,
शनिवारला दोनच दिवस होते.