अधिक-उणे वीस लाख

कुगलुकतुकच्या दक्षिणेला, रात्री अकराच्या उन्हात
होकायंत्राची सुई पेंगते.
चुंबकीय ध्रुवाच्या इतकं जवळ आल्यावर
तिला उत्तर सापडत नाही, ती खाली बघत राहते.
म्हणून ऐली कोस्किनेन खिळ्याची सावली मोजते,
घड्याळ मोठ्याने वाचते,
आणि मी वहीत उतरवतो.
काही डास वहीतच मरतात, आकड्यांशेजारी.

समोर डाइक.
गुलाबी ग्रॅनाइट चिरत गेलेली काळी भिंत,
रुंदी तीस मीटर, लांबी विचारू नका.
कुणी बांधली नाही ती.
जमीन ताणली, फाटली, खालचा रस
फटीत शिरला आणि आहे तिथे थिजला.
अशा शेकडो.
नकाशावर उलगडलेल्या पंख्याच्या काड्या,
पार ओंटारिओच्या जंगलापर्यंत पसरलेल्या,
आणि मूठ इकडे, उत्तरेला,
व्हिक्टोरिया बेटाच्या आसपास कुठेतरी.

"मुठीत काय आहे?"
लेना अहेगोना विचारते. अस्वल आलंच तर म्हणून
ती बंदूक घेऊन आमच्याबरोबर असते,
आणि दिवसभर अस्वल येत नाही म्हणून चहा करते.
"आता काही नाही," ऐली म्हणते.
"तेव्हा प्रावरणातून एक लोट वर आला होता,
हजार किलोमीटर रुंद डोक्याचा.
जमीन फुगली, फुटली, लाव्हा वाहिला.
मग तो निवला. खंड सरकलं.
लोट कुणी पाहिला नाही. काड्या तेवढ्या उरल्या."

लेना मासा कापत होती.
सुरी तांब्याची. त्याच लाव्हातलं तांबं,
नदीकाठी सापडलेलं, तिच्या मामाने ठोकून ठोकून केलेलं.
सुरी थांबवून म्हणाली,
"माझा भाऊ इकालुक बर्फावर हरवला, त्या वर्षी
वारा चार दिवस थांबला नाही.
मऊ बर्फ सगळा उडून गेला.
पण स्लेज जिथून गेली तिथला बर्फ दाबलेला, कठीण.
तो वाऱ्याला गेला नाही.
चाकोरी खड्डा असते म्हणता ना तुम्ही?
ती भिंत होऊन उभी होती, बोटभर उंच.
एक नाही, सात-आठ. वेगवेगळ्या शिकारींच्या.
आम्ही त्या उलट्या चालत गेलो.
सगळ्या जिथे मिळाल्या तिथे त्याचा तळ असणार."

"होता?" मी विचारलं.

"जागा होती."

मग कुणी बोललं नाही. मी ड्रिलला पाणी घातलं.

इथून दूर, दक्षिणेकडच्या डाइकमध्ये
चुंबकी कण आडवे निजलेले असतात:
रस तिथे आडवा वाहत गेला.
मुठीजवळ ते उभे. तिथे तो वर चढत होता.
ऐली हे सांगू लागली तेव्हा लेनाने
वाक्य पुरं होऊ दिलं नाही,
हाताने हवेत वाऱ्याने घडवलेला बर्फ दाखवला,
कुठली कड कुठल्या वाऱ्याची, बोटाने.

जानेवारीत प्रयोगशाळेचं पत्र आलं.
केसाएवढ्या तपकिरी स्फटिकात
युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजून
वय निघालं: एकशे सव्वीस कोटी सत्तर लाख वर्षं,
अधिक-उणे वीस लाख.
मी फोनवर लेनाला वाचून दाखवलं.

"वीस लाखांची चूक चालते तुम्हाला?"
हसली. मग बराच वेळ
फोनमध्ये नुसता वाऱ्याचा आवाज.
"आम्हाला दोन दिवस उशीर झाला होता," म्हणाली.