खुणा

जिनिव्हा, एकोणीसशे चौदाचा डिसेंबर.
संग्रहालयातले पुतळे भिंतीशी सरकवलेत,
मधे बुटांची खोकी, खोक्यांत कार्डं.
ओडेट झाक्मे लिहिते :
मोरो, अनातोल. शिपाई. बेपत्ता.
नुसते मोरोच एकशे बारा.

नांतहून आईचं पत्र :
डाव्या करंगळीला नख नाही,
आणि झोपेत शिट्टी वाजवतो.

नख खुणांच्या रकान्यात बसलं.
शिट्टीला खूण म्हणायचं का?
ओडेटने इकडंतिकडं पाहिलं
आणि कडेला शिसपेन्सिलीने बारीक लिहिलं.

मार्चमध्ये साक्सनीच्या छावणीतून उत्तर :
नखाचं बघितलं नाही.
पण या माणसापायी
अख्ख्या बराकीला झोप नाही.

पंधरा वर्षांनी करार झाला.
कैद्यांची खबर घरी कळवावी,
असं कलम आलं, सह्याशिक्क्यांचं.

ओडेटने ते दोनदा वाचलं,
चष्मा पुसून
कडेची कोरी जागा पाहिली.
पुरेशी होती.