क्लच

आडगाव नाक्यावरच्या शोरूममध्ये
तो पोरगा टनांत बोलत होता.
मी मनात टोमॅटोचे कॅरेट मोजत होते:
वीस किलोचं एक, आडव्या रांगेत सात,
उंची ताडपत्रीच्या दोरीपर्यंत.
चौदा फुटी की सतरा?
सतरा फुटी आमच्या मोहाडीच्या गल्लीत
पारापाशी वळत नाही,
हे ब्रोशरमध्ये कुठून असणार.

दगाजी काही बोलला नाही.
केबिनमध्ये चढला, डोळे मिटले,
डावा पाय दाबत, सोडत राहिला.
मला वाटलं, झोपला.
तो कसारा घाट उतरत होता,
वाशीला पहाटे चारच्या आत.

खाली आला गुडघा चोळत.
"हिचा क्लच हलका हाये, ताई."

हप्ता अठराशेनं जास्त.
पोराला म्हटलं,
रंग कोणताही चालेल.