जोडून लिहावे

ब्राह्मणवेलच्या पठारावर, सत्तावीस नंबरच्या बुंध्याशी
मी एक डॅनिश शब्द घेऊन बसलेय.
जानेवारीत ट्रेनिंगला जायचंय. तोवर
पवनचक्कीचं पातं म्हणता यायला हवं
त्यांच्या तोंडानं.

वेन्मोलेवेङे.
त्यांच्या लिपीत चौदा अक्षरं, मध्ये कुठे जागा नाही.
तुरीची शेंग सोलावी तसा सोलते.
वेन् म्हणजे वारा. मागे एक द लिहितात, बोलत नाहीत.
मोले म्हणजे चक्की.
वेङे म्हणजे पातं. पंखसुद्धा.

जोर पहिल्यावर. शेवटच्यावर थोडा.
मधल्यानं मान खाली घालून निघून जायचं,
पंगतीतून उशिरा आलेला जातो तसं.
मी पाचांनाही सारखंच वाढते.
हात मराठी आहे.

फाटकावरचा हिलाल ऐकत असतो.
"ए... एवढा लांब कसाले?"
हिलालला स्वतःचं नाव सगळ्यात जड.
ह पाशीच दार लागतं.
नवीन माणसाला तो खिशातलं कार्ड दाखवतो.

धडा नऊ. वेन् एकटा असेल
तर न वर घसा क्षणभर मिटायचा
आणि सोडायचा.
पंधरा दिवस झाले, मला खोकला येतो,
उचकी येते, ते येत नाही.
हिलालला पहिल्या झटक्यात आलं.
पुन्हा केलं. पुन्हा.
"हाई ते मन्हंच शे," म्हणाला, न अडता,
आणि हसत पाण्याच्या टाकीकडे गेला.

धडा दहा, दोनच ओळींचा:
पुढे दुसरा शब्द जोडला
की ती अडखळ जाते.
वेन्मोले. सरळ.
मी तीनदा वाचून दाखवलं.
तो काही बोलला नाही,
टॉर्चचे सेल काढून परत घातले.

सोमवारी साक्रीहून ऑडिटची जीप आली.
मी वर होते, दोरात, हातात पाना.
त्याच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलेलं राहिलं होतं,
मुद्दाम की चुकून, विचारलं नाही.
आधी इंजिन ऐकू आलं. मग काच उतरल्याचा आवाज.
नाव काय?
मग नुसता वारा,
इतका वेळ, की माझाच घसा मिटला.

आणि मग एका दमात,
सगळा भार प वर टाकून,
"पवनचक्कीहिलाल."

साहेबांनी आडनाव विचारलं नाही.
रजिस्टरवर तसंच आहे,
निळ्या शाईत,
मध्ये जागा न सोडता.