पाहून गेला

आठ नंबरचा गळ, व्हाइसमध्ये आवळलेला.
व्हाइस फॅक्टरीच्या लिलावात घेतलेला,
पावती अजून ड्रॉवरमध्ये आहे.
कोंबड्याच्या मानेचं पीस,
आणि थोडी जर,
वहिनीने कधीकाळी दिलेल्या चिंधीतली.
काळ्या दोऱ्याचे वेढे, नखाने दाबलेली गाठ:
झाली माशी.
बायको म्हणते, माशा मारायचं वय तुमचं,
तुम्ही बांधत बसलात.

जानेवारीतलं अंबाझरी.
भिंतीवरून माकडटोप्या चालू लागलेल्या.
पाण्यात संक्रांतीचा कटलेला पतंग,
कागद विरघळला, कामट्या तरंगतायत.

दोरी मागे फेकली की थांबायचं,
ती पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत.
मगच पुढे.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली.
मनगटाला पस्तीस वर्षं सुताच्या मापाची सवय होती,
थांबायची नव्हती.

माशी पडते. वीतभर ओढतो. थांबतो.
वीतभर ओढतो.
आणि मग तो येतो.

मरळ.
आधी पाण्याखालचं पाणी थोडं काळं होतं,
मग त्या काळ्याला डोकं फुटतं.
माशीमागे चार बोटं अंतर.
ओढलं की सरकतो, थांबलो की थांबतो,
जणू आम्ही दोघं मिळून काहीतरी जड
जिन्यावरून उतरवतोय.
शेवाळलेल्या दगडापर्यंत येतो,
माझ्या चपलेच्या सावलीपर्यंत.
माशीला बघतो की मला, कळत नाही.
मग शेपटीचा एक फटका,
आणि तिथे नुसतं गढूळ.

आठवडाभर हेच.
लहान माशी बांधली. जर काढली. जर पुन्हा घातली.
भराभर ओढली, मेल्यासारखी सोडून दिली.
कुठे माशी शिंकते म्हणावं
तर माझी बोलून चालून पिसाची,
तिला नाकच नाही.

फागोजी नान्हे डोंगा काठाला लावतो.
जाळ्यात त्याच्या दोन रोहू आणि एक प्लास्टिकची बरणी.
"भूक नाही त्याले," म्हणतो, "चौकशी हाय."
मंग धरत काऊन नाही?
बिडी पाण्यात विझवतो.
"धरलं तं सारंच ठरून जाते ना, बाप्पा."

महालात, केळीबाग रोडच्या मागे, भावाची गल्ली.
आईच्या तेरवीला बुंदी कमी पडली,
त्यावरून तो एक बोलला, मी चार.
अकरा वर्षं झाली.
या दिवाळीनंतर तीनदा गेलो.
सायकल पानठेल्याला टेकवली,
सुपारी घेतली, कातरलेली, बिनचुन्याची.
वरच्या मजल्यावर उजेड होता.
सुपारी संपेपर्यंत उभा राहिलो
आणि वळलो.
घोड्याचा आवाज होऊ नये म्हणून
सायकल थोडी उचलून.

परवा वहिनीचा फोन.
"भाऊजी, तुमी आलते म्हणे पानठेल्यापर्यंत.
हे गॅलरीतच बसले होते.
मले म्हणे, बाहेरचा लाइट लाव,
मंग म्हणे, राहू दे, बुजंल तो."
कुकरची शिट्टी झाली. तिने ठेवला.

आज तो आला तेव्हा मी ओढलंच नाही.
माशी खाली खाली गेली.
तोही तिच्यासोबत खाली,
कल्ले हलतायत, बाकी काही नाही.
हाताला मुंग्या आल्या.
किती वेळ, घड्याळ पाहिलं नाही.

मागून एक पोट्टा, स्केटिंगचे बूट गळ्यात अडकवलेला:
"काका, लागला का?"
नाही.
"मंग काय करून रायले?"
आला होता.
"मंग?"
मंग काय. पाहून गेला.

पोट्टा अजून पाण्याकडे बघतोय.
मी दोरी गुंडाळतो,
माशी टोपीला टोचतो.
ओली आहे. वाळायला दुपार होईल.