नावं ठेवणाऱ्या

संत्र्याच्या शेडची मागची भिंत
कमरेपर्यंतच बांधून राहिली,
ठेकेदाराचे पैसे संपले म्हणतात.
आमच्या पथ्यावर पडलं.
साडेचारच्या चहाला तिथून
कॉलेजचं सिमेंटचं मैदान सरळ दिसायचं:
दोन खांब, दोन फळ्या,
एका कडीला जाळी, दुसरी नागडी,
आणि आमच्या हातातल्याच रंगाचा चेंडू,
कोणत्याच क्रेटात न बसणारा.

खेळ आम्हाला कोणी शिकवला नाही.
दुर्पता म्हणायची, कडीतून पडला की दोन,
लांबून पडला की तीन,
मास्तरची शिटी वाजली की कोणाचं तरी चुकलं.
एवढ्यावर आम्ही तीन हंगाम काढले.

पोट्ट्यांची खरी नावं पाठीवर होती.
दुर्पता सातवी शिकलेली,
पण पळणारी अक्षरं तिला लागत नव्हती.
मग पंचफुलानं ठेवायला घेतली.

पहिला तुराटी.
उंच, वाळका, वाऱ्यानं हलेल असा,
आणि पेटला की एकदम पेटायचा.
मग लोडशेडिंग.
चांगला पळता पळता मध्येच
डोळे विझायचे त्याचे.
"गेली वं लाइन," दुर्पता म्हणायची
आणि येईपर्यंत आम्ही चहा फुंकत बसायचो.
एक सोयरा होता,
धक्का खाऊन "असू द्या, असू द्या"
म्हटल्यासारखा हसणारा.
आणि उलंगवाडी, बिचारा.
सामना हातचा गेला,
वेचायला बोंडभर उरलं नाही,
की मास्तर त्याला मैदानात सोडायचा,
रिकाम्या वावरात गुरं सोडावी तसा.

पंचफुलाचा एक कायदा होता.
रंगावरून नाही, दातावरून नाही,
बापाच्या धंद्यावरून तर नाहीच.
"नाव ठेवायचं, बाई. नावं नाही ठेवायची."
तिला गावानं एक ठेवलं होतं,
सासरी आली त्याच वर्षी.
ते मी इथं सांगणार नाही.

एका पोराला तिनं नावच दिलं नाही.
तो चेंडू घ्यायचा आणि देऊन टाकायचा,
घ्यायचा आणि देऊन टाकायचा.
आम्ही दोघींनी किती सुचवली!
"राहू द्या त्याले," ती म्हणे,
"अजून त्याचंच ठरून नाही राह्यलं."

तिवस्याची टीम आली होती त्या दिवशी
चहा होऊन गेला तरी आम्ही भिंतीपाशीच.
तुराटीच्या हातात चेंडू आला
आणि पंचफुला क्रेटावर चढून ओरडली,
"तुराटे! टाक रे, बाप्पा!"
सगळ्या मैदानानं वळून पाहिलं,
फक्त त्यानं नाही.
चेंडू कडीवर दोनदा नाचला
आणि बाहेर पडला.
मुकादमानं तिघींचाही अर्धा रोज कापला.
"लय महाग पोट्टा आहे," दुर्पता म्हणाली.

पंचफुला आता बडनेऱ्याला असते, लेकीकडे.
टोंगळे गेले तिचे.
आयतवारी फोन करते.
औषध, पाणी, जावयाची बदली,
मग जरा आवाज उतरवून,
"काय म्हणून राह्यला तुराटी?"

तुराटी गेला, त्याला दोन वर्षं झाली.
कुठं, ते विचारायचं कोणाला?
आणि काय नाव घेऊन विचारायचं?
भिंत पुरी बांधली यंदा.
आता नुसता चेंडू आपटल्याचा आवाज येतो,
त्यावरून कोणाला काय म्हणणार.

"परवा जिंकले," मी म्हणते.
"कितीनं?"
"दोननं. तुराटीनंच टाकला शेवटचा."
"अन् लोडशेडिंग?"
"मध्ये गेलता. आला."
"अन् उलंगवाडी?"

इथं मला थोडा वेळ लागतो.

"त्याले यावेळी पहिल्यापासून घेतलं."

तिकडे मिक्सरचा आवाज. मग तोही बंद.
"खोटं बोलून राह्यली तू," पंचफुला म्हणते.
"मास्तर कायले घेते त्याले पहिल्यापासून?"
मी काही बोलत नाही.

"बरं," ती म्हणते,
"मग? किती टाकले त्यानं?"